जुनी इलेक्ट्रिक कार घेताय? आधी बॅटरी मोजायला शिका

जुनी पेट्रोल गाडी घेताना काय बघायचं हे आपल्याला साधारण माहीत असतं. ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यायचा, इंजिनाचा आवाज ऐकायचा, धूर बघायचा, रनिंग विचारायचं. इलेक्ट्रिक गाडीत यातलं फारसं काही कामाला येत नाही. गाडीच्या किमतीचा सगळ्यात मोठा वाटा बॅटरीचा, आणि ती सीटखाली, फरशीखाली सीलबंद असते. मी पुण्यात जुनी इलेक्ट्रिक गाडी शोधत होतो तेव्हा प्रत्येक विकणारा सांगायचा, "बॅटरी एकदम ओके आहे." कशावरून, असं विचारलं की गाडी चालू करून डॅशबोर्डवरची रेंज दाखवायचा.

ती रेंज पुरावा नव्हे. गाडी मागचे काही किलोमीटर कशी चालवली यावरून ती अंदाज बांधते. आदल्या दिवशी एसी बंद ठेवून चाळीसच्या वेगाने फिरवलेली गाडी भरघोस आकडा दाखवेल, आणि एक्स्प्रेसवेवरून आलेली तीच गाडी खूप कमी दाखवेल. बॅटरी दोन्ही वेळा तीच असते. म्हणून मोजणी आपणच करायची. ती अवघड नाही, एका शनिवार-रविवारात होते.

१. म्हातारपण आणि आजारपण वेगळं ओळखा

बॅटरीची क्षमता हळूहळू कमी होणं हे तिचं वय आहे. लिथियम बॅटरीत ऋण टोकाच्या ग्रॅफाइटवर एक पातळ थर बसत जातो आणि त्या थरात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं. अडकलेलं लिथियम वीज साठवायच्या कामाचं राहत नाही. हा थर सुरुवातीला भरभर वाढतो, मग त्याचा वेग मंदावतो. त्यामुळे पहिल्या वर्ष-दोन वर्षांत दिसलेली घट पुढे त्याच वेगाने चालू राहील असं धरून घाबरायचं कारण नाही. कॅनडातल्या जिओटॅब कंपनीने २०२४ मध्ये हजारो गाड्यांच्या नोंदींवरून सरासरी घट वर्षाला १.८ टक्के काढली. ती हवा आपली नाही, म्हणून आकडा जसाच्या तसा लावू नका, पण अंदाजाला उपयोगी आहे.

दुसरा प्रकार आजारपणाचा. बॅटरीच्या पॅकमध्ये कितीतरी सेल, म्हणजे छोट्या बॅटऱ्या, एकामागोमाग एक जोडलेले असतात. ट्रेकला निघालेला गट सगळ्यात दमलेल्या माणसाच्या चालीने चालतो, तसा पॅक सगळ्यात कमजोर सेलच्या मर्जीने चालतो. तो सेल रिकामा झाला की बाकीच्यांत वीज शिल्लक असूनही गाडी थांबते. अशी गाडी पहिल्या पन्नास टक्क्यांत अगदी उत्तम चालते आणि शेवटच्या वीस टक्क्यांत दगा देते.

एकसारखी म्हातारी झालेली, ८८ टक्क्यांवर आलेली बॅटरी बिनधास्त घ्या, किंमत तेवढी कमी करून घ्या. आजारी सेलची बॅटरी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. खालची सगळी खटपट हे दोन प्रकार वेगळे ओळखण्यासाठी आहे.

२. "कमी रनिंग" ऐकून भुलू नका

पेट्रोल गाडीची ही सवय इथे महाग पडू शकते. साधा हिशेब करा. गाडी एका युनिटमध्ये (वीजबिलातलं युनिट, म्हणजे एक किलोवॉट-तास) सरासरी ७ किलोमीटर जाते असं धरलं तर ६०,००० किलोमीटरला साधारण ८,५०० युनिट लागली. बॅटरी २८ युनिटांची असेल तर ती जेमतेम ३०० वेळा पूर्ण भरून रिकामी झाली. आजच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या, म्हणजे एलएफपी, अशा हजारो फेऱ्या सोसतात. रनिंगची भीती त्या मानाने फारच कमी.

बॅटरीला रनिंगपेक्षा उष्णता जास्त खाते, आणि उष्णतेत पूर्ण भरून उभं राहणं त्याहून जास्त. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात उघड्यावर १०० टक्के भरून आठवडेच्या आठवडे उभी राहिलेली १२,००० किलोमीटरची गाडी ही सावलीतल्या, रोज चालणाऱ्या ५०,००० किलोमीटरच्या गाडीपेक्षा जास्त थकलेली असू शकते. याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या ॲरिझोनाचं आहे. तिथल्या कडक उन्हाळ्यात पहिल्या निसान लीफ गाड्यांची क्षमता भराभर उतरल्याच्या तक्रारी २०१२ मध्ये आल्या. त्या गाडीच्या बॅटरीला थंड ठेवणारी द्रवाची यंत्रणा नव्हती.

म्हणून मालकाला हे प्रश्न विचारा, आणि गप्पांच्या ओघात विचारा म्हणजे खरी उत्तरं मिळतात:

- गाडी कुठे उभी असते? बेसमेंटमध्ये, शेडखाली की रस्त्यावर?
- घरी चार्ज करता की बाहेर फास्ट चार्जरवर? बाहेर म्हणजे आठवड्यातून किती वेळा?
- रोज शंभर टक्के भरता का? भरल्यावर लगेच निघता की उभी राहते?
- मध्ये कधी महिनाभर गाडी बंद होती का? तेव्हा चार्ज किती होता?

शेवटचा प्रश्न विसरू नका. परदेशी मुलाकडे चार-सहा महिने जाऊन येणारे आईवडील आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्या काळात गाडी एक तर पूर्ण भरून किंवा जवळजवळ रिकामी उभी असते. बॅटरीला दोन्ही वाईट.

३. बॅटरी कोणत्या जातीची, ते आधी शोधा

टाटा नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली ती ३०.२ युनिटांची एलएफपी बॅटरी घेऊन. बीवायडी ॲटो ३ चीही एलएफपी. ह्युंदाई कोना आणि सुरुवातीची ४४.५ युनिटांची एमजी झेडएस ईव्ही यांत निकेल-मँगनीज-कोबाल्ट, म्हणजे एनएमसी. हे आधी माहीत हवं, कारण दोघांची मोजणी वेगळी वागते.

एलएफपीचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो. चार्ज ३० टक्के असो की ७०, सेल ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपासच दिसतो. त्यामुळे किती वीज शिल्लक आहे हे गाडीलाही मधल्या पट्ट्यात नेमकं कळत नाही. ती आत गेलेल्या-बाहेर आलेल्या विजेचा हिशेब ठेवते आणि तो हिशेब दिवसेंदिवस सरकत जातो. शंभर टक्के भरली की पुन्हा जागेवर येतो. कायम ४० ते ८० मध्येच खेळवलेली एलएफपी गाडी खोटे टक्के दाखवू शकते, चांगल्या बाजूने आणि वाईट बाजूनेही. अशी गाडी चाचणीआधी एक-दोनदा स्लो चार्जरवर पूर्ण भरून घ्यायला सांगा.

४. कागद आणि सामान

विकणाऱ्याकडून मागायचे:

- आरसी, आणि पहिल्या विक्रीचं बिल (वॉरंटीची तारीख तिथून मोजतात)
- सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी, सॉफ्टवेअर अपडेटच्या नोंदींसकट
- विमा पॉलिसी आणि आजवरच्या क्लेमची माहिती
- बॅटरीच्या वॉरंटीचं पुस्तक
- कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५
- गाडीसोबत आलेला चार्जर आणि केबल, दोन्ही किल्ल्या

तुम्ही न्यायचं सामान: टायरमधली हवा मोजायचं यंत्र, वही, ओबीडी डोंगल (गाडीच्या निदानाच्या सॉकेटमध्ये बसतो आणि ब्लूटूथने मोबाइलला जोडतो), आणि जमल्यास १६ अँपियरच्या प्लगला लावायचा वीज मोजणारा मीटर. तो नसला तर घरचा महावितरणचा मीटरही चालतो, फक्त त्या वेळात गिझर-एसी बंद ठेवा.

आरसी हातात आली की दोन गोष्टी बघा. नंबर प्लेटवर हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं म्हणजे खासगी गाडी, पिवळी म्हणजे व्यावसायिक. टॅक्सीत चाललेली गाडी नंतर खासगी करून विकायला येते तेव्हा पाटी बदललेली असते, पण आरटीओच्या नोंदीत इतिहास राहतो. अशी गाडी दिवसातून दोनदा फास्ट चार्जरवर गेलेली असू शकते आणि तिच्या वॉरंटीच्या अटीही वेगळ्या असू शकतात. दुसरी गोष्ट पुराची. २०१९ आणि २०२१ मध्ये सांगली-कोल्हापुरात, जुलै २०२१ मध्ये चिपळूणला किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण पाहिलं आहे. बॅटरी पॅक आयपी ६७ असतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल असा तपासलेला. पुराचं पाणी अर्ध्या तासात ओसरत नाही. सीटच्या रुळांना गंज, पट्ट्याच्या मुळाशी गाळाची रेघ, गालिच्याखाली वास, असं काही दिसलं तर मोजणी करत बसू नका, घरी या.

५. स्वतः मोजा

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि बहुतेक लोक नेमका हाच टाळतात. मोजणी दोन वेगळ्या वाटांनी करायची आणि दोन्ही उत्तरं जुळतात का ते बघायचं.

पहिली वाट रस्त्याची. गाडी शंभर टक्के भरलेली हवी. टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरा, ट्रिप मीटर शून्य करा आणि जिथून निघालात तिथेच परत येणारा रस्ता निवडा. पुण्याहून लोणावळा आणि परत हा चांगला रस्ता आहे, जवळपास १३० किलोमीटर. परत त्याच जागी आल्यामुळे चढ-उताराचा हिशेब बराचसा फिटतो. पुणे ते मुंबई असं एकतर्फी मोजू नका. पुण्याहून मुंबईला उतरताना गाडी साधारण ५५० मीटर खाली येते. १,४०० किलो वजनाच्या गाडीसाठी ही उंची म्हणजे सुमारे २ युनिट ऊर्जा. बॅटरी २७ युनिटांची असेल तर हा सात-आठ टक्क्यांचा फरक झाला, आणि आपण नेमकी तेवढीच घट शोधायला निघालो आहोत. बोरघाट उतरून "रेंज भारी मिळाली" म्हणणाऱ्याने बॅटरी मोजलेली नाही, उतार मोजला आहे.

समजा १३० किलोमीटर झाले, गाडीने सरासरी वापर किलोमीटरला १४० वॉट-तास (हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट) दाखवला आणि चार्ज १०० वरून ३२ वर आला. एकूण खर्च १८.२ युनिट. तो ६८ टक्क्यांत झाला. १८.२ भागिले ०.६८ म्हणजे २६.८. गाडी तुम्हाला साधारण २६.८ युनिट वापरू देते. काही गाड्या सरासरी वापरात एसीचा खर्च धरत नाहीत, म्हणून शक्य तर एसी बंद ठेवा किंवा पहाटे निघा.

दुसरी वाट भिंतीची. घरी आल्यावर तीच गाडी स्लो चार्जरवर लावा आणि ३२ वरून १०० होईपर्यंत मीटरने किती युनिट घेतली ते लिहा. समजा २१. भिंतीतून निघालेली सगळी वीज बॅटरीत जात नाही. चार्जरमध्ये, केबलमध्ये, पंख्या-पंपांत मिळून साधारण १० ते १५ टक्के जाते. १२ टक्के वजा केले तर १८.५ उरतात. भागिले ०.६८ म्हणजे २७.२. आधीचं उत्तर २६.८ होतं, आत्ताचं २७.२. जुळलं. दोन उत्तरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर कुठला तरी आकडा चुकतो आहे, बहुधा टक्केवारीच. पुन्हा पूर्ण भरून पुन्हा मोजा.

आता ही २७ युनिट कशाशी ताडायची? इथे मोठा खड्डा आहे. माहितीपत्रकात छापलेली क्षमता बहुतेक वेळा पॅकची पूर्ण क्षमता असते, आणि गाडी त्यातला थोडा भाग वर-खाली राखून ठेवते. कागदावर ३० युनिट असलेली गाडी नवी असतानाही समजा २८.५ युनिटच वापरू देत असेल, तर तुमची बॅटरी ९५ टक्के आहे. ३० शी ताडलंत तर ९० येईल आणि उगाच चांगली गाडी हातची जाईल. त्याच मॉडेलची नवी किंवा वर्षाच्या आतली गाडी असलेला कुणी ओळखीचा गाठा आणि त्याला हीच मोजणी करायला लावा. मालक मंडळींचे व्हॉट्सॲप ग्रुप पुण्यात, मुंबईत, नाशकात आहेत, लोक आनंदाने मदत करतात.

६. कमजोर सेल पकडा

वरच्या चाचणीत चार्ज ३२ वर थांबला. आजारी सेल अजून लपलेला असू शकतो. म्हणून गाडी आणखी खाली न्या, २० टक्क्यांच्या जवळ, आणि तिथे एखादा चढ चढा. पुण्यात असाल तर दिवे घाट किंवा कात्रजचा जुना घाट. चार्जर जवळ आहे आणि चालू आहे याची आधी खात्री करा, मालकाला सोबत घ्या.

काय बघायचं? टक्के एकेक करून उतरले पाहिजेत. २१ वरून एकदम १४ झाले, ताकद अचानक कमी झाली, कमी ताकदीचं कासवाचं चिन्ह किंवा इशारा आला, तर थांबा. डोंगल लावला असेल आणि तुमच्या गाडीसाठी ॲपमध्ये प्रोफाइल असेल तर सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी व्होल्टेजचा सेल दिसतो. गाडी उभी असताना मधल्या चार्जला त्यांत दहा-वीस मिलिव्होल्टचा फरक काळजीचा नाही. मात्र एलएफपीत मधल्या पट्ट्यात सगळेच सेल सारखे दिसतात, आजारीसुद्धा. म्हणून "फरक फक्त पाच मिलिव्होल्ट" असा ५५ टक्के चार्जला काढलेला स्क्रीनशॉट कुणी पाठवला तर त्याला काही अर्थ नाही. कमी चार्जला, चढावर, दर वेळी त्याच क्रमांकाचा एक सेल बाकीच्यांपेक्षा शेकडो मिलिव्होल्ट खाली जात असेल, तर तो आजारी.

एक सावधानता. चाचणीत विचित्र इशारे एकदम पाच-सहा आले तर आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासा. इलेक्ट्रिक गाडीतही ती असते, आणि ती मरायला टेकली की गाडी भलतेच दोष दाखवते. ती बदलणं किरकोळ काम आहे.

७. सर्व्हिस सेंटरचा रिपोर्ट घ्या, पण एकटा त्यावर विसंबू नका

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरीच्या तब्येतीचा, म्हणजे एसओएचचा आकडा काढून मिळतो. शिक्क्यासह, तारखेसह, चेसिस नंबर लिहून मागा. हा आकडा गाडीच्या बॅटरी व्यवस्थेने स्वतःच्या हिशेबाने काढलेला असतो, कुणी बॅटरी उघडून मोजलेली नसते. काही गाड्या बरीच वर्षं ९९-१०० दाखवत राहतात, सॉफ्टवेअर बदललं की काहींचा आकडा पुन्हा वर जातो. तुमच्या मोजणीशी चार-पाच टक्क्यांत जुळला तर समाधान माना. रिपोर्ट १०० म्हणतो आणि तुमची मोजणी ८४ म्हणते, तर मी मोजणीवर विश्वास ठेवेन.

तिथेच जुने दोषसंकेत वाचून घ्या, ते अलीकडे पुसले आहेत का विचारा, आणि पॅक कधी उघडला किंवा बदलला गेला होता का तेही. बदललेला असेल तर वाईट वाटून घेऊ नका. कंपनीने वॉरंटीत नवा पॅक बसवलेली जुनी गाडी पुष्कळदा चांगला सौदा असते, फक्त नव्या पॅकची वॉरंटी स्वतंत्र आहे की जुनीच पुढे चालू, ते लेखी घ्या.

८. वॉरंटी तुमच्या नावावर किती उरते ते वाचा

आपल्याकडे बॅटरीला सर्रास ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी वॉरंटी मिळते. मार्च २०२० ची गाडी असेल तर ती मार्च २०२८ ला संपते, तुम्ही कधी घेतली याला महत्त्व नाही.

"आजीवन वॉरंटी" हे शब्द दिसले की बारीक अक्षरं वाचा. एमजी विंडसर, महिंद्रा बीई ६ अशा गाड्यांची आजीवन वॉरंटी पहिल्या मालकापुरती आहे, गाडी विकली की ठराविक वर्षं आणि किलोमीटरची मर्यादा लागू होते. विंडसरसोबत २०२४ मध्ये बॅटरी भाड्याने घ्यायची योजनाही आली. अशी गाडी घेताना बॅटरीचा करार कुणाच्या नावावर आहे आणि बाकी किती, हे मिटल्याशिवाय पैसे देऊ नका.

मग बघा, क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर कंपनी दुरुस्त करून देईल हे लिहिलं आहे का. अनेक कंपन्या ७० टक्के धरतात. काही पुस्तकांत आकडाच नसतो, फक्त "दोष" असा शब्द असतो, आणि नैसर्गिक घट म्हणजे दोष नाही असं पुढे लिहिलेलं असतं. युरोपने युरो ७ नियमांत ५ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरला ८० टक्के, ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरला ७२ टक्के अशी किमान पातळी ठरवली आहे. आपल्याकडचं एआयएस ०३८ हे मानक सुरक्षिततेचं आहे, म्हणून आपल्याला वॉरंटीचा कागदच आधार. सर्व्हिस चुकवली, पाणी गेलं, बाहेर कुठे पॅक उघडला तर वॉरंटी जाते, ही कलमंही वाचा.

९. सौदा आणि नावावर करणं

मोजणीची वही समोर ठेवून भाव करा. त्याच सर्व्हिस सेंटरकडून नव्या पॅकच्या किमतीचं लेखी कोटेशन घेतलंत तर बोलणं सोपं होतं. वॉरंटीची चार वर्षं उरलेली ९० टक्क्यांची गाडी आणि एक वर्ष उरलेली ९५ टक्क्यांची गाडी यांत मी पहिली घेईन.

पुढचं नेहमीसारखंच: फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बोजा उतरवणं, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. पीयूसी लागत नाही. नाव बदलल्यावर कंपनीच्या नोंदीतही मालक बदलून घ्या आणि मोबाइल ॲपमधून जुन्या मालकाचं खातं काढायला लावा. नाहीतर तुमची गाडी कुठे उभी आहे हे त्याला दिसत राहील.

१०. ताबा घेतल्यावर

एलएफपी असेल तर पुस्तकात सांगितलेल्या अंतराने स्लो चार्जरवर शंभर टक्के भरा आणि भरल्यावर लवकर निघा. एनएमसी असेल तर रोजचं ८० पर्यंत पुरे, लांबच्या प्रवासाआधी पूर्ण. भर उन्हातून आल्याबरोबर प्लग लावू नका, रात्री लावा. दोन-तीन आठवडे बाहेरगावी जाताना अर्धी भरलेली ठेवा.

पहिल्या महिन्यात पाचव्या टप्प्यातली मोजणी पुन्हा करून तारीख, ओडोमीटर आणि हवेचं तापमान वहीत लिहा. दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच रस्त्यावर पुन्हा करा. आणि वॉरंटी संपायच्या सहा महिने आधी दिवे घाटाची चाचणी करून सर्व्हिस सेंटरचा नवा रिपोर्ट काढा, म्हणजे काही निघालंच तर तक्रार मुदतीत नोंदवता येईल.